काजळी निवळते तेव्हा

आज सकाळी खाडीकाठच्या बागेत धोबी पक्षी दिसला. हिरवळीवर तुरुतुरु पळत होता, थांबला की शेपटी वरखाली. पहिला धोबी दिसला की मी कॅलेंडर बघायला जात नाही. भाद्रपद सरत आलेला असो की आश्विन लागलेला असो, माझा शरद त्या शेपटीपासून सुरू होतो. शाळेत मी भूगोल शिकवते. पुस्तकात 'मान्सून परतीचा काळ' दोन ओळींत उरकलेला आहे. दोन ओळी! त्या लिहिणाऱ्याला रत्नागिरीत आणून महिनाभर भाट्याच्या पुलावर उभं करावं, असं मला दरवर्षी वाटतं.

आमच्याकडे पाहुणे वर्षातून दोनदा येतात. मे महिन्यात आंब्याला, आणि जुलैत पाऊस बघायला. आरे-वारेच्या वळणावर गाड्या लावतात, छत्री उलटी होईपर्यंत फोटो काढतात, भजी खातात आणि जातात. आश्विनात कोणी फिरकत नाही. ऊन चटके देतं, संध्याकाळी उगाच गडगडतं, सुट्ट्या दिवाळीसाठी राखलेल्या असतात. त्यामुळे हा ऋतू आमचा आम्हाला उरलाय, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

पावसाळ्यात आमची काजळी नदी तांबडी असते. वरची माती, जांभ्याची भुकटी, झाडाच्या फांद्या, कोणाची तरी एक चप्पल, सगळं घेऊन ती खाडीत शिरते. गणपती विसर्जनाच्या सुमारास तिला उकळलेल्या चहाचा रंग असतो. पितृपंधरवड्यात तो पातळ होतो. मग एक दिवस पुलावरून खाली वाकून बघावं, तर खांबाच्या पायथ्याला चिकटलेले कालवांचे शिंपले दिसायला लागतात. पाणी निवळलं, असं आम्ही म्हणतो. त्या दिवशी मी वर्गात गेल्या गेल्या मुलांना सांगते, आणि मुलं बाकावर हात आपटून ओरडतात. निमित्त मिळालं की ओरडायचं, एवढंच त्यांना कळतं, पण मला तो ओरडा फार योग्य वाटतो.

बाग म्हणजे फार मोठी नव्हे. जांभ्याचा कठडा, सुरूच्या झाडांची एक रांग, दोन घसरगुंड्या आणि काठाला सिमेंटची बाकं. पावसाळ्यात बाकांवर हिरवं शेवाळ चढतं. आश्विनातल्या उन्हानं ते वाळतं, त्याचे पापुद्रे सुटतात आणि लहान मुलं ते नखांनी सोलत बसतात. समोर खाडीचं रुंद पाणी, पलीकडे माड, माडांखाली घरं, घरांच्या वर सडा, म्हणजे जांभ्याचं पठार. त्या सड्यावरचं गवत या दिवसांत हिरव्याचं सोनेरी व्हायला लागतं. रोज एक बोटभर, असं वाटतं.

चार वर्षांपूर्वीचा आश्विन मात्र मी असा हात हलवत बघितला नव्हता. बाबांची चाकांची खुर्ची ढकलत बघितला होता.

बाबा तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके. आधी मालाचा मचवा, मग माणसं पलीकडे नेणारी तरीवरची लाँच, म्हातारपणी हौसेपुरती होडी. पाण्याकडे पाठ करून ते कधी जेवायलासुद्धा बसले नाहीत. आई असताना पाटाची दिशा ठरलेली असायची. त्या वर्षी आषाढात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ. पाय हळूहळू परत आला, हात अर्धामुर्धा आला, जीभ मात्र वाटेत कुठंतरी अडकली. शब्द यायचे, पण भलतेच. चमच्याला वल्हं म्हणायचे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला त्यांनी तीन दिवस पोस्टमन म्हटलं. ती बिचारी हसायची. आपण चुकतोय हे बाबांना कळायचं, आणि कळायचं म्हणून ते चिडायचे. शेवटी त्यांनी बोलणंच टाकलं. सगळ्या बंदरावर ज्याचा आवाज जायचा, तो माणूस घरात दिवसचे दिवस गप्प.

माझा थोरला भाऊ पुण्याला असतो. दादा वाईट नाही. उलट मन लावून काळजी करणारा आहे, आणि तीच पंचाईत आहे. मी शाळेत गेले की बाबा शेजाऱ्यांच्या भरवशावर. एकदा अंगणात पडलेही होते. दादानं फोनवर शांतपणे सांगितलं, "सुलू, मी दसऱ्याला येतो. तोवर सुधारले तर ठीक. नाहीतर त्यांना इकडे घेऊन येतो. इथं लिफ्ट आहे, दिवसभराची बाई मिळते, दवाखाना समोर आहे." सगळं बरोबर होतं. फक्त दादाच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. तिथं बाबांनी कशाकडे तोंड करून जेवायचं, हा प्रश्न दादाला विचारला असता तर त्यानं मला वेड्यात काढलं असतं. म्हणून विचारला नाही. दसऱ्यापर्यंत बाबांना उभं करायचं, एवढं ठरवून टाकलं.

मग रोज पहाटेचा चहा झाला की खुर्ची बाहेर. उतार संपला की बाग. बागेत खुर्चीतून उठवून कठड्याला धरून वीस पावलं, मग चाळीस, मग कठडा सोडून काठीवर. चालून झालं की ते खुर्चीत बसून पाण्याकडे बघायचे आणि मी शेजारच्या बाकावर वह्या तपासायची. हवेत गारवा असायचा. पलीकडून कापायला आलेल्या भाताचा वास यायचा, तो भाजलेल्या पोह्यांच्या फार जवळचा असतो. तिवरांच्या झुडपात बगळे एकेक करून जागे व्हायचे. नवे पाहुणे म्हणजे कुरव, ते भाट्याच्या वाळूवर नुकतेच उतरलेले असायचे आणि भल्या सकाळी आमच्या डोक्यावरून ओरडत जायचे. एवढं सगळं चाललेलं असताना बाबा मात्र एकटक पलीकडच्या काठाकडे बघत राहायचे. "बाबा, खंड्या बघा, केवढा जवळ आलाय," म्हटलं तरी मान वळायची नाही. मला वाटायचं, शून्यात बघतायत. मग मी पुन्हा वह्यांवर लाल रेघा मारायला लागायची.

तिथेच आम्हाला इब्राहिमचाचा भेटले. जवळच्या राजिवडा वस्तीतले. विशीत ते बाबांच्या मचव्यावर खलाशी होते, मग पुढे चाळिशीत कुवेतला गेले, आणि बावीस वर्षांनी त्याच पावसाळ्यात कायमचे परत आले होते. आल्यावर हौसेनं छोटी फायबरची होडी घेतली होती. ते बाबांच्या समोर येऊन कठड्यावर बसायचे, पाण्याकडे पाठ आणि बाबांकडे तोंड, आणि रोज एकच प्रश्न विचारायचे.

"काय तांडेल, पाणी कंदी भरतंय आज?"

मचव्यावर असताना हाच प्रश्न बाबा त्यांना विचारायचे म्हणे, आणि चुकलं की जेवणातला तळलेला तुकडा कापला जायचा. किनाऱ्यावरची जुनी माणसं भरती तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. सोपं आहे, पण पोटात असावं लागतं. चाचा पंधरा दिवस विचारत होते आणि पंधरा दिवस स्वतःच उत्तर देत होते. मला तर वाटायला लागलं होतं की ते स्वतःचाच पाढा पक्का करतायत.

नवरात्रातली तिसरी माळ होती. चाचांनी नेहमीसारखं विचारलं, आणि नेहमीसारखं उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याआधी बाबा म्हणाले, "सव्वादोन."

तीन पाऊणे सव्वादोन. मी हातातली वही मिटली आणि बागेत चार माणसांसमोर धाय मोकलून रडले. चाचांनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. दुसरं काय करावं हे त्यांना सुचलं नसावं.

दादाला लगेच फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सुलू, ते पाढे आहेत. लहानपणचे पाढे माणूस शेवटपर्यंत विसरत नाही. आजूबाजूचं नवं काही त्यांना कळतंय का, ते सांग." मला त्याचा इतका राग आला की मी फोन ठेवून दिला. राग यायचं कारण असं, की तोच प्रश्न मलाही पडलेला होता.

दसऱ्याच्या सकाळी दादा आला. पुण्यात राहून त्याचं मन काही पुणेरी झालेलं नाही. आल्या आल्या शेजारच्या शेतातून भाताच्या लोंब्या मागून आणल्या, आंब्याच्या पानांत गुंडाळून दाराला आणि गाडीला नवं बांधलं. बाबांच्या पाया पडला. संध्याकाळी त्यांना सोनं देऊन समोर बसला आणि मुलांना विचारतात तसं हळू आवाजात विचारलं, "बाबा, आज कुठला सण? माझ्या मुलाचं नाव काय, सांगा बघू."

बाबांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. कपाळावर घाम आला. मग म्हणाले, "मचवा."

दादा उठून अंगणात गेला आणि माडाकडे तोंड करून उभा राहिला. तो रडतोय हे मला त्याच्या पाठीवरून कळलं. परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "परवा निघू. पुढची सीट पूर्ण मागे घेता येते, त्यांना त्रास होणार नाही." मी भांडायची सगळी तयारी करून ठेवली होती. पण रडून आलेल्या माणसाशी काय भांडणार?

इब्राहिमचाचांना कळलं तेव्हा ते मान हलवत म्हणाले, "नेताव तर नेवा. पन एकदा नदीत फिरवून आनू तांडेलास. माजी व्हडी हाय ना!" दादानं नाही म्हणायच्या आत मी हो म्हटलं.

दुसरा दिवस एकादशीचा. अकरा पाऊणे सव्वाआठ. आठाच्या आधीच आम्ही चौघं निघालो. चाचा मागे इंजिनाचा दांडा धरून, त्यांच्या पुढच्या फळीवर बाबा, बाबांना धरून मी आणि पुढे दादा. बाबांना होडीत चढवायला दोघं लागले. पण पाय होडीत पडला मात्र, त्यांचं अंग आपोआप डुलायला लागलं, पाणी हललं की इकडे, हललं की तिकडे. आम्ही तिघं वेडेवाकडे कलंडत होतो आणि झटका आलेला माणूस खिळ्यासारखा बसला होता.

ती सकाळ मी विसरणार नाही. पुलाखालून गेलो की शहर मागे पडतं. दोन्ही काठांना तिवरांची भिंत, मुळं अजून ओली. पाणी हिरवं, आणि इतकं स्थिर की वरचा माड आणि खालचा माड यांत खरा कुठला हे ठरवावं लागत होतं. वळणावळणाला नदी अरुंद होत गेली. काठाच्या मळ्यांत लवकर पिकणारं हळवं भात पिवळं होऊन वाकलं होतं, दोन ठिकाणी कापणीही लागली होती. बायकांनी कमरा सरळ करून आमच्याकडे हात केले. चतुर तर इतके उडत होते की दादाच्या टोपीवर तीन एकदम बसले. सोमेश्वर गावाच्या अलीकडे एका झाडावर घारीनं मासा फाडत आमच्याकडे मुळीच लक्ष दिलं नाही. लहानपणी याच नदीत दादा पोहायला शिकला होता. बघता बघता त्यानं हात पाण्यात सोडला आणि तसाच ठेवला.

परत फिरायला उशीर झाला. माझ्यामुळे झाला, मी सारखी "अजून एक वळण" म्हणत राहिले. अकरा वाजून गेले, ओहोटी चांगली लागली. भांगाचे दिवस होते, म्हणजे भरतीलाही पाणी बेताचंच चढलेलं. आणि पावसाळ्यानंतर खाडीत वाळू कुठं साचेल याचा नेम नसतो. बागेच्या समोर पाण्याखाली वाळूची एक लांब दांडी असते. भरतीत तिच्यावरून बिनघोर जाता येतं. ओहोटीत मात्र खूण धरून यावं लागतं. पलीकडच्या काठाला माडांखाली एक पांढरं घर आहे. होडीचं तोंड त्या घरावर ठेवून सरळ यायचं, की वाळू बाजूला राहते. इथल्या प्रत्येक होडीवाल्याला ही खूण ठाऊक. बावीस वर्षांत चाचाही विसरले नव्हते. पांढरं घर दिसताच त्यांनी होडी नीट त्याच्यावर धरली.

बाबा एकदम म्हणाले, "पिवळं."

झालं, पुन्हा भलता शब्द, असं मला वाटलं. दादानं तर मान दुसरीकडे वळवली.

"पिवळं!" यावेळी बंदरावरचा आवाज होता. काठाच्या तिवरांतले बगळे उठले. "पांढरा नव्हं! पिवळा घर!"

आणि त्यांनी डाव्या हातानं चाचांच्या हातावरून इंजिनाचा दांडा धरला आणि आपल्याकडे खेचला. होडी गर्रकन वळली. तळाखाली खर्रर्र असा आवाज झाला, दातांत कळ जावी तसा, एकदाच. मग होडी मोकळी झाली आणि तिचं तोंड एका लख्ख पिवळ्या घरावर स्थिर झालं. उजवीकडे, आम्ही सरळ गेलो असतो तिथे, हातभर पाण्याखाली वाळू चमकत होती. तिथं अडकलो असतो तर संध्याकाळी पाणी परत भरेपर्यंत उन्हात बसावं लागलं असतं, आजारी माणसाला घेऊन.

"या अल्ला," चाचा म्हणाले, "ता घर पांढरा व्हता ना!"

होतं. नवरात्रात पाऊस उघडला तशी पलीकडे रंगकामं निघाली होती. खुणेचं पांढरं घर आंब्याच्या रसासारखं पिवळं झालं आणि त्याच्या शेजारचं, जे कित्येक वर्षं निळं होतं, ते पांढरं झालं. हे आम्हा सर्वांच्या डोळ्यांसमोर झालं. मी वह्या तपासत होते. चाचा पाण्याकडे पाठ करून बसत होते. आणि ज्यांच्याबद्दल मी मनात धरून चालले होते की ते शून्यात बघतायत, ते बाबा रोज सकाळी काठ वाचत होते. कुठलं घर रंगलं, वाळू कुठं आली, पाणी कुठं फुटतंय. खंड्याकडे मान वळवायला त्यांना वेळच नव्हता. कामावरच्या माणसाला मी पाखरं दाखवत होते!

मला हसू येत होतं आणि रडूही. मी दोन्ही केलं.

दादा एकटाच पुण्याला गेला. बाबांसाठी मागे घेतलेल्या पुढच्या सीटवर त्यानं नारळांचं पोतं ठेवलं आणि त्याला पट्टाही लावला. दिवसभरासाठी एक चांगल्या बाई मिळाल्या, त्यांची व्यवस्था त्यानंच केली. बाबा आता काठीनं चालतात. नातवाचं नाव अजून दहात सहा वेळा चुकतं, आणि तो पोरगा कुठल्याही नावाला ओ देतो. आश्विन लागला की राजिवड्यातले दोघंतिघं बागेत येऊन बाबांना विचारतात, यंदा वाळू कुठं पडली. बाबा बोटानं दाखवतात. मी पुस्तकातल्या दोन ओळी झाल्या की मुलांना बागेत नेते आणि सांगते, तो बघा, तिकडे काठीवाला बसलाय ना, उरलेला धडा त्याच्याकडे.

पण त्या दिवशीचं होडीतलं शेवटचं सांगायचं राहिलं. वाळू टळली, होडी सरळ धावायला लागली. दांडा बाबांच्याच हातात होता आणि चाचांनी तो परत मागितला नव्हता. दादा पुढून उठला, वाकत वाकत मागे आला आणि बाबांच्या डाव्या बाजूला टेकला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. "बाबा," तो म्हणाला, "पुण्याला जायचं ना, ते मी..."

बाबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. नजर समोरच्या पाण्यावर. आणि आषाढापासून अडकलेलं पहिलं अख्खं वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"बडबड मागनं कर. आदी उजव्या अंगाला सर, व्हडी कलते."

आणि पुण्यात चाळीस माणसांवर साहेब असलेला, पंचावन्न वर्षांचा माझा दादा, "हो बाबा" म्हणून निमूट उजवीकडे सरकून बसला.